युवक-संघटनेला कायमनिधी नको, वर्गणी हवी

समाजवादी परिवारातील युवक-संघटनांपुढे आज उभा असलेला प्रश्न नवा नाही. शाखा रोडावल्या आहेत, पूर्णवेळ कार्यकर्ता मिळत नाही, मिळालाच तर त्याला मानधन देता येत नाही, आणि शिबिर घ्यायचे म्हटले की दर वेळी त्याच दहा-वीस हितचिंतकांपुढे हात पसरावा लागतो. ही स्थिती कोणी नाकारीत नाही. नवी आहे ती तिच्यावर सुचविली जाणारी मात्रा. ज्येष्ठ सहानुभूतीदारांच्या बैठकांतून एक सूचना अलीकडे वारंवार ऐकू येते. एकदाच जोर लावून मोठा कायमनिधी उभारावा, तो बँकेत ठेवावा, मुद्दलाला हात लावू नये आणि व्याजावर संघटना चालवावी. त्यासाठी दात्यांच्या पायऱ्या ठरवाव्यात. अमुक रकमेचा हितचिंतक, तमुक रकमेचा आश्रयदाता, त्याहून मोठ्या रकमेचा महाआश्रयदाता. त्यांची नावे सभागृहात संगमरवरी पाटीवर कोरावीत, आणि मृत्युपत्रात तरतूद करणाऱ्यांचा वर्धापनदिनी वेगळा सत्कार करावा.

ही सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ज्यांनी कोवळ्या वयात शाखेच्या मैदानावर गाणी म्हटली, श्रमदानाच्या कुदळी हाती घेतल्या, आंतरजातीय विवाह केले, आणीबाणीत तुरुंग पाहिला, ती पिढी आज थकली आहे. आपल्यामागे हे काम बंद पडू नये, ही तिची तळमळ आहे. निवृत्तिवेतनातून साठविलेले चार पैसे त्या कामाच्या पायाशी ठेवावेत असे तिला वाटत असेल, तर त्या भावनेची टिंगल करणे हा कृतघ्नपणा होईल. परंतु भावना शुद्ध असली म्हणून उपाय बरोबर ठरत नाही. कायमनिधीच्या या योजनेने संघटनेचे भवितव्य सुरक्षित होणार नाही. सुरक्षित होईल ती फक्त संघटनेची इमारत आणि तिची पाटी. युवक-संघटनेचे भवितव्य ज्या एका गोष्टीवर अवलंबून असते, त्या गोष्टीची गरजच ही योजना संपवून टाकते. ती गोष्ट म्हणजे तरुणांनी दर वर्षी लोकांच्या दारात जाऊन आपल्या कामासाठी मागणे आणि लोकांनी त्यांना प्रश्न विचारून देणे.

अमेरिकेतील दाखला

कायमनिधीचे पुरस्कर्ते परदेशाकडे, विशेषतः अमेरिकेकडे बोट दाखवितात. तेथील विद्यापीठे, इस्पितळे, युवक-संघटना अशाच निधींवर शतकानुशतके उभ्या आहेत, असे त्यांचे म्हणणे असते. तेव्हा तेथील सर्वांत मोठ्या युवक-संघटनांपैकी एकीचाच दाखला घेऊ.

बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका ही संघटना १९१० साली स्थापन झाली. कायमनिधी उभारण्याचे आणि दात्यांचा गौरव करण्याचे शास्त्र तिने जितके बारकाईने बांधले, तितके क्वचितच कोणी बांधले असेल. स्थानिक मंडळाच्या कायमनिधीला एक हजार डॉलर देणाऱ्यास संघटनेचे पहिले मुख्य कार्यवाह जेम्स वेस्ट यांच्या नावाची फेलोशिप. पाच हजार, दहा हजार दिल्यास तिचीच वरची श्रेणी. पंचवीस हजारांपासून पुढे '१९१० सोसायटी' आणि तिच्यातही पायऱ्या; सर्वांत वरची पायरी दहा लाख डॉलरांची. मृत्युपत्रातून किंवा विम्यातून देणगीची तरतूद करणाऱ्यांसाठी आणखी एक निराळे मंडळ. आणि या दात्यांना केवळ प्रशस्तिपत्र नव्हे, तर गणवेशावर लावण्याची कापडी गाठही. ज्या गणवेशावर मुलाने पोहणे, प्रथमोपचार, रानात वाट काढणे शिकून मिळविलेली चिन्हे असतात, त्याच गणवेशावर प्रौढाने धनादेश देऊन मिळविलेले चिन्ह! मुलाच्या मनावर यातून कोणता संस्कार होतो, हे सांगायला शिक्षणशास्त्राची गरज नाही.

या संघटनेला देणगी देणारेही थोर होते. ओक्लाहोमातील तेल-उद्योजक वेट फिलिप्स यांनी १९३८ आणि १९४१ साली न्यू मेक्सिकोतील आपल्या जमिनीचा सव्वा लाख एकरांहून मोठा मुलूख मुलांच्या भटकंतीसाठी दिला. तोच आजचा फिलमॉन्ट. त्याच्या देखभालीला उत्पन्न मिळावे म्हणून टल्सा शहरातील आपली उंच इमारतही त्यांनी देऊन टाकली. पुढे या शतकात वेस्ट व्हर्जिनियात दुसरे अवाढव्य शिबिरस्थान उभे राहिले. त्याला बेक्टेल या बांधकाम-उद्योजक घराण्याचे नाव आहे, कारण त्या घराण्याच्या प्रतिष्ठानाने पाच कोटी डॉलर दिले. परंतु नाव मिळाले तरी पैसा पुरला नाही; उभारणीसाठी संघटनेने मोठे कर्ज काढले.

आणि मग काय झाले? २०१९ साली संघटनेने फिलमॉन्ट कर्जासाठी तारण ठेवले. जे मुलांसाठी कायमचे म्हणून दिले गेले होते, ते बँकेच्या कागदावर चढले. १८ फेब्रुवारी २०२० रोजी संघटनेने डेलावेअरच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. कारण होते तिच्या शिबिरांत आणि तुकड्यांत दशकानुदशके झालेल्या लैंगिक अत्याचारांचे खटले. न्यायालयापुढे ८२ हजारांहून अधिक पीडितांनी दावे नोंदविले. अखेरीस भरपाईसाठी सुमारे २४६ कोटी डॉलरांचा निधी ठरला. त्यात स्थानिक मंडळांना पन्नास कोटी डॉलरांहून अधिक भर घालावी लागली, आणि त्यासाठी कित्येक मंडळांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिबिराच्या जागा विकल्या.

कायमनिधीमुळे हे अत्याचार झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. अत्याचार दुष्ट माणसांनी केले, आणि ते सर्व देशांत, सर्व प्रकारच्या संस्थांत घडतात. परंतु प्रश्न निराळा आहे. संशयित प्रौढांच्या गुप्त फायली या संघटनेच्या मध्यवर्ती कार्यालयात १९२० च्या दशकापासून ठेवल्या जात होत्या. २०१२ साली ओरेगनमधील न्यायालयाच्या आदेशाने त्यांतील हजाराहून अधिक फायली उघड झाल्या, तेव्हा किती प्रकरणे पोलिसांपर्यंत न नेता दडपली गेली हे जगाला कळले. संघटनेचे नाव, तिची प्रतिष्ठा, तिची मालमत्ता यांची काळजी वाहणारी यंत्रणा भक्कम होती. मुलांना आणि त्यांच्या आईबापांना जाब विचारण्याची जागा मात्र नव्हती. जो पैसा देतो त्याला संघटनेत पायरी असते. जो मूल देतो त्याला पायरी नसते. हा तो दोष आहे.

आणि या सर्व वैभवाने मुले तरी टिकविली का? २०१९ मध्ये सुमारे १९ लाख ७० हजार असलेली सदस्यसंख्या २०२१ मध्ये सुमारे ७ लाख ६२ हजारांवर आली. यात साथीचा वाटा होता, मॉर्मन चर्चने २०१९ अखेर संबंध तोडला त्याचाही होता. पण कायमनिधी असता म्हणजे अशा वादळात संघटना तरते, हाच तर त्याच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य मुद्दा असतो! निधी होता, जमीन होती, दात्यांच्या पाट्या होत्या. मुले निघून गेली. २०२५ मध्ये संघटनेने नावही बदलले. पाट्या जागच्या जागी आहेत.

व्याजाचे गणित

आपल्याकडे अमेरिकेइतका पैसाच नाही, मग ही भीती कशाला, असे कोणी विचारील. तेव्हा आपल्या ऐपतीचाच हिशेब मांडू.

एखाद्या संघटनेने मोठ्या कष्टाने एक कोटी रुपयांचा कायमनिधी उभारला असे धरू. सात टक्के व्याज मिळाले तर वर्षाचे सात लाख रुपये होतात. ऐकायला रक्कम बरी वाटते. पण महागाई पाच टक्क्यांनी वाढत असेल, तर मुद्दलाचे मोल जागच्या जागी ठेवण्यासाठी यांतले पाच लाख परत मुद्दलात घालावे लागतात. खर्चाला उरले दोन लाख. महिना पंधरा हजार रुपये मानधनाचा एक पूर्णवेळ कार्यकर्ता वर्षाला एक लाख ऐंशी हजार घेतो. म्हणजे एक कोटी रुपयांच्या कायमनिधीवर एक कार्यकर्ता पोसला जातो आणि त्याच्या प्रवासखर्चाला वीस हजार उरतात. सर्वच्या सर्व सात लाख खर्च करीत गेल्यास चौदा-पंधरा वर्षांत मुद्दलाचे मोल निम्मे होते. मग 'कायम' या शब्दाला अर्थ काय?

आता दुसरी बाजू. दोन हजार माणसांनी दर महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाचे चोवीस लाख होतात. त्यात दहा कार्यकर्त्यांचे मानधन निघून शिबिरांसाठी सहा लाख उरतात. हीच रक्कम वरच्या हिशेबाने व्याजातून हवी असेल तर बारा कोटींचा निधी लागेल. बारा कोटी रुपये देणारे लोक कोणत्या वर्गातून येतील? आणि त्यांना पाटीवर नाव एवढ्यावर समाधान होईल, की संघटनेने कोणत्या मोर्च्यात जावे व कोणत्या संपाला पाठिंबा देऊ नये, याविषयीही त्यांना काही म्हणायचे असेल?

महाराष्ट्रात दोन हजार माणसे सापडणार नाहीत, असे जर कोणाचे म्हणणे असेल, तर ते फार गंभीर विधान आहे. महिना शंभर रुपयांइतकीही आस्था ज्या संघटनेविषयी दोन हजार माणसांना नाही, तिचा प्रश्न पैशाचा नाही. बँकेतील ठेव तो प्रश्न सोडवीत नाही. ती तो झाकून ठेवते.

याखेरीज मालमत्तेचा म्हणून एक स्वभाव असतो. निधी आला की विश्वस्त आले, विश्वस्त आले की त्यांच्या नेमणुकीचे वाद आले. महाराष्ट्रातील धर्मादाय कार्यालयांत विश्वस्तांच्या फेरफाराचे तंटे वर्षानुवर्षे चालतात, आणि त्यांतील पक्षकार एके काळी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून काम केलेले असतात. भांडणासाठी काही नसते तोवर ध्येयवाद टिकविणे सोपे असते.

गांधींनी दिलेला इशारा

हा अनुभव नवा नाही. दक्षिण आफ्रिकेत १८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेसची स्थापना झाली, तेव्हा तरुण बॅरिस्टर गांधींनी सभासदांकडून वर्गणी गोळा करण्यासाठी किती पायपीट केली, हे त्यांच्या आत्मकथेत आले आहे. पुढे याच संस्थेसाठी कायम उत्पन्नाची मालमत्ता घेतली गेली. गांधी तेथून निघून आल्यावर त्याच मालमत्तेवरून आपसांत कलह झाला आणि भाड्याची रक्कम कोर्टात साचत राहिली. या आणि नंतरच्या अनुभवांतून गांधींचे मत पक्के झाले की, सार्वजनिक संस्था कायमच्या निधीवर चालविणे चांगले नव्हे. अशा निधीतच संस्थेच्या नैतिक अधःपाताचे बीज असते. संस्था लोकांच्या संमतीने आणि पैशाने चालते. लोकांचा आधार सुटला की तिने जगण्याचा हक्कही सोडावा. निधीवर जगणाऱ्या संस्था मात्र लोकमताची पर्वा करीनाशा होतात. दर वर्षी मिळणारी वर्गणी ही संस्थेच्या लोकप्रियतेची आणि तिच्या चालकांच्या सचोटीची परीक्षा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

गांधींनी स्वतः गिरणीमालकांचे, व्यापाऱ्यांचे पैसे घेतलेच होते, असा प्रतिवाद होईल. घेतले होते, आणि समाजवाद्यांनी त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही केली होती. परंतु १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाचे एक कोटी रुपये उभे केले गेले ते खादी, राष्ट्रीय शिक्षण आणि चळवळीच्या कामात घालण्यासाठी. व्याज खात बसण्यासाठी नव्हे. आणि गांधींनी एक मर्यादाही स्पष्ट केली होती. ज्या संस्थांना स्वभावतःच कायमच्या वास्तूची गरज असते त्यांना हा नियम लागू नाही. चालू खर्च मात्र वर्षाच्या वर्षाला लोकांकडून आला पाहिजे. युवक-संघटनेचा जवळजवळ सगळा खर्च चालू खर्चच असतो. तिला मैदान लागते, सतरंजी लागते, डफ लागतो, आणि एसटीचे तिकीट लागते.

महाराष्ट्राची रीत

महाराष्ट्रात लोकांकडून पैसा उभारण्याची जी परंपरा आहे, तिच्यात दात्यांच्या पायऱ्या नव्हत्या. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली ती माणशी वर्षाला एक पैसा, अशी. टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगाव येथे काचेचा कारखाना उभा राहिला. त्या कारखान्याने किती बाटल्या काढल्या यापेक्षा, स्वदेशीचा विचार एका पैशाच्या निमित्ताने किती घरांत शिरला हे अधिक महत्त्वाचे होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहातील मुलांसाठी मुष्टिफंड काढला. घरातल्या बाईने दळणाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला काढायचे, एवढाच त्याचा नियम. ती बाई निरक्षर होती, पण तिच्या मुठीने तिला त्या वसतिगृहाची मालकीण केले. वसतिगृह चालविताना लक्ष्मीबाई पाटलांचे दागिने गेले. त्यांच्या नावाची गाठ कोणाच्या छातीवर लागली नाही. आणि साताऱ्याच्या कॉलेजचे शिवछत्रपतींचे नाव बदलून आपले द्यावे, अशी अट घालणाऱ्या धनिकाला भाऊरावांनी कशा शब्दांत वाटेला लावले, ती हकीकत महाराष्ट्रात अजून सांगितली जाते. संस्थेला पैशाची निकड नव्हती असे नाही. १९४८ मध्ये तर सरकारने रयतेचे अनुदानच थांबविले होते. तरीही संस्था तरली, कारण तिच्यामागे गावे होती.

राष्ट्र सेवा दलाची स्थापना १९४१ सालची. एस. एम. जोशी त्याचे पहिले दलप्रमुख. त्या दलाजवळ काय होते? कलापथक होते. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखी माणसे गावोगाव कार्यक्रम करीत हिंडली. पु. ल. देशपांडे यांनी या कलापथकासाठी लिहिले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत या वातावरणात वाढले. तिकीट काढून किंवा पटावर बसून कार्यक्रम पाहणाऱ्या माणसाला दलाचा विचार कळला आणि दलाला चार पैसे मिळाले. पैसा आणि प्रचार या तेव्हा दोन वेगळ्या समित्या नव्हत्या.

आज त्याच संघटनांच्या सभागृहात गेले की भिंतीवर नावे, कपाटावर नावे, बाकावर नावे, आणि पंख्याच्या पात्यावरसुद्धा 'यांच्या स्मरणार्थ' असे रंगविलेले दिसते. पंखा फिरू लागला की नाव दिसेनासे होते, एवढाच काय तो दिलासा. ज्या संघटनेने वीस वर्षांच्या मुलाला जात, पैसा, कुळ यांवरून माणसाची किंमत ठरवू नकोस असे शिकवायचे, तिनेच तिच्या प्रवेशद्वारात माणसांची रकमेप्रमाणे उतरंड लावावी, ही विसंगती त्या मुलाच्या ध्यानात येत नाही असे समजणे भाबडेपणाचे आहे.

एक आक्षेप, एक अपवाद

येथे सामाजिक कृतज्ञता निधीचा दाखला पुढे केला जातो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. १९८० च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासारख्या मंडळींनी हा निधी उभारला. नामवंत नटनट्यांनी 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग महाराष्ट्रभर केले आणि त्यातून जमलेल्या रकमेच्या व्याजातून चळवळीतील कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. हा कायमनिधीच होता आणि त्याने चांगले काम केले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु तो कसा उभा राहिला आणि कोणाला मिळाला, हेही पाहिले पाहिजे. तो हजारो प्रेक्षकांच्या तिकिटांतून उभा राहिला. त्यासाठी कलावंत गावोगाव हिंडले. तो एका संघटनेची गादी भक्कम करण्यासाठी नव्हता. निरनिराळ्या चळवळींत राबणाऱ्या माणसांच्या घरची चूल पेटती राहावी यासाठी होता. समाजाने कार्यकर्त्याविषयी व्यक्त केलेली ती कृतज्ञता होती. कायमनिधीच्या आजच्या योजनेत कृतज्ञतेची दिशाच उलटी झाली आहे. तेथे कार्यकर्त्याने दात्याचे उपकार स्मरत राहावयाचे आहेत.

दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे. प्रतिपक्षाची संघटना पाहा, असे म्हटले जाते. तिच्याजवळ साधने किती, आणि आपण वर्गणीच्या गप्पा मारतो! येथेही नीट पाहावे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची गुरुदक्षिणेची पद्धत १९२८ पासूनची आहे. स्वयंसेवकाने वर्षातून एकदा ध्वजापुढे आपले पाकीट ठेवावयाचे. कोणी किती दिले याचा पुकारा होत नाही. त्या संघटनेच्या विचारांशी समाजवाद्यांचे वैर मूलभूत आहे आणि राहील. पण तिची रोजची शाखा दात्यांच्या पाट्यांवर उभी राहिली नाही, हे त्या वैरापायी नाकारण्याचे कारण नाही. तिचा दोष दुसऱ्या टोकाचा आहे. ती नोंदणीकृत संस्था नाही आणि तिचा जमाखर्च जनतेपुढे मांडला जात नाही. दान गुप्त आणि हिशेबही गुप्त.

समाजवाद्यांना हे दुसरे टोकही चालणार नाही. निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली, तेव्हा लोकशाहीवादी पक्षांनी त्या निकालाचे स्वागत केले ते याच तत्त्वावर की, सार्वजनिक कामाला पैसा कोण देतो हे लोकांना कळले पाहिजे. हे तत्त्व स्वतःच्या संघटनांनाही लागू आहे. म्हणून दात्याचे नाव लपवावयाचे नाही; ते हिशेबाच्या वहीत असले पाहिजे, भिंतीवर नव्हे. वहीतले नाव लोकांना तपासता येते. भिंतीवरच्या नावाला फक्त नमस्कार करता येतो.

मग करावयाचे काय?

विरोध करून थांबणे योग्य नाही, कारण कार्यकर्त्याच्या मानधनाचा प्रश्न खरा आहे आणि ज्येष्ठांची देण्याची इच्छाही खरी आहे. त्यासाठी काही नियम संघटनांनी स्वतःवर घालून घ्यावेत.

पहिला आणि मुख्य नियम असा की, कोणत्याही वर्षी व्याजाचे उत्पन्न त्या वर्षीच्या वर्गणीपेक्षा अधिक वापरता येणार नाही. वर्गणी चार लाख जमली तर व्याजातून फार तर चार लाख घ्यावेत. वर्गणी एक लाखावर आली तर एकच लाख. बाकीचे मुद्दलात पडू द्यावे. संघटना लोकांपासून दूर गेली तर तिला त्याच वर्षी चटका बसला पाहिजे. आधीच असलेल्या ठेवींनाही हा नियम लावता येईल.

दुसरा, मोठी देणगी किंवा मृत्युपत्रातून आलेली रक्कम कायमची गाडून न ठेवता दहा वर्षांत कार्यकर्ते आणि शिबिरे यांवर खर्च करावी. आज ज्या मुलीला पंचविसाव्या वर्षी तीन वर्षे पूर्णवेळ काम करता आले, ती पुढची चाळीस वर्षे समाजाचे देणे फेडीत राहते. ठेव म्हणतात ती हीच.

तिसरा, दात्यांच्या पायऱ्या नसाव्यात. शंभर देणारा आणि दहा लाख देणारा यांची नावे वार्षिक अहवालात अकारविल्हे, रकमेसह, एकाच यादीत छापावीत. सभागृह, शिबिर, पारितोषिक, गणवेश यांपैकी कशालाही देणगीच्या बदल्यात नाव देऊ नये. देणगीदार म्हणून कोणालाही विश्वस्तपद मिळू नये.

चौथा, पैशाचा विनियोग ठरविणाऱ्या समितीत निम्म्याहून अधिक सभासद पस्तिशीच्या आतले असावेत. युवक-संघटनेचे भवितव्य सत्तरीच्या विश्वस्तांनी युवकांना न विचारता ठरवावे, यासारखा विनोद नाही. आणि तो विनोद अनेक ठिकाणी घटनेच्या कलमानुसार चालू आहे.

पाचवा, वर्षातून एकदा प्रत्येक वर्गणीदाराच्या घरी संघटनेच्या तरुणाने स्वतः जावे. मोबाइलवरून वर्गणी आपोआप कापली जाण्याची सोय जरूर वापरावी, त्यात वेळ वाचतो. पण ती सोय भेटीची जागा घेऊ शकत नाही. दारात उभ्या असलेल्या मुलाला घरातला माणूस विचारतो, "गेल्या वर्षी तुम्ही काय केलेत?" या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, म्हणून वर्षभर काहीतरी करावे लागते. कधी तोंडावर दार लावले जाते, कधी वाद होतो, कधी पाणी विचारले जाते, आणि कधी त्या घरातली मुलगी पुढच्या शिबिराला येते. हे शिक्षण कोणत्याही ठेवीच्या व्याजातून विकत मिळत नाही.

ज्येष्ठांना विनंती करावयाची ती एवढीच. त्यांनी दिले पाहिजे, भरपूर दिले पाहिजे. पण आपल्या नावाची पाटी लागावी म्हणून थांबू नये, आणि आपल्या मृत्यूचीही वाट पाहू नये. ज्यांनी तरुणपणी झोळी घेऊन दारोदार जाण्याची लाज धरली नाही, त्यांनी आजच्या तरुणांना त्या झोळीतून मुक्त करण्याचा विचार सोडून द्यावा. त्यांच्याबरोबर पहिल्या दहा घरी स्वतः जावे, ओळख करून द्यावी, आणि अकराव्या घराशी त्यांना एकटे सोडावे.